वेल्सच्या किनाऱ्यावरची खेडी : बघायला मे, राहायला नोव्हेंबर

खारा_वारा (धागाकर्ती)

मंडळी, दर वसंतात बर्मिंगहॅम-मँचेस्टरकडून व्यनि (खासगी निरोप) यायला लागतात. निम्मे विचारतात, "बँक हॉलिडेला वेल्सला येतोय, काय बघू?" उरलेले जरा दबकत विचारतात, "नवऱ्याला तिकडे हॉस्पिटलात नोकरी मिळतेय, राहायला कसं आहे गं?" या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते.

आम्ही केरेडिग्यॉन परगण्यात राहतो. नकाशात वेल्सची पश्चिम बाजू पाहिलीत तर आत खचलेला मोठा अर्धगोल दिसेल, तो कार्डिगन उपसागर. वरच्या टोकाला लीनचं द्वीपकल्प, खालच्या टोकाला पेम्ब्रुकशर, मधल्या पोटात आम्ही. पर्यटक दोन्ही टोकांना धावतात, कारण वर एरेरीचे डोंगर आहेत (इंग्रजी नाव स्नोडोनिया) आणि खाली १९५२ सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान. आमच्या परगण्यात मोटरवे नाही. रेल्वे श्रूजबरीकडून अ‍ॅबरिस्टविथपर्यंत येते आणि तिथेच संपते. पुढे दक्षिणेला कारमार्थेनला जाणारा फाटा १९६० च्या दशकात बंद केला, तो आजतागायत बंद.

आधी बघणाऱ्यांसाठी. अबरायरॉन हे १८०७ च्या कायद्यानंतर आखून बांधलेलं बंदर. ओळीने रंगीत घरं, मधोमध बोटी, आणि मधाचं आइस्क्रीम. फोटो काढायला एक नंबर. तासाभरात बघून होतं. न्यू की (उच्चार 'की'च, 'क्वे' नाही) चढावर रचलेलं गाव आहे आणि तिथल्या धक्क्यावर उभं राहिलात तर बोटीचे पैसे न भरताही डॉल्फिन दिसू शकतात. ब्रिटनच्या किनाऱ्यावर बाटलीनाक्या डॉल्फिनांचे असे कायमचे कळप मोजक्या ठिकाणी आहेत, त्यांतला मोठा इथला. लान्ग्रानोग दरीच्या तळाशी आहे. रस्ता वळत वळत उतरतो आणि एकदम समुद्रच. ट्रेसाइथला धबधबा थेट वाळूत पडतो. मुन्टला टेकडीच्या कुशीत चुना फासलेलं एकटं चर्च आहे, आजूबाजूला गाव म्हणावं असं काही नाही. एकच निवडायचं असेल तर मी मुन्ट निवडेन, तेही सकाळी नऊच्या आत, गाड्यांचं मैदान भरायच्या आधी.

हे सगळं सांधणारी पायवाट आहे. केरेडिग्यॉनची साठ मैलांची वाट २००८ ला झाली, पेम्ब्रुकशरची १८६ मैलांची १९७० सालची, आणि २०१२ मध्ये सगळे तुकडे जोडून अख्ख्या वेल्सच्या किनाऱ्याला ८७० मैलांची अखंड वाट झाली. कुठेही उतरा, कुठेही चालायला लागा. पाट्यांवर शंखाची खूण असते.

आता राहणाऱ्यांसाठी. माझं स्पष्ट मत : घर बघायला मे महिन्यात येऊ नका. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी, चार वाजता अंधार पडल्यावर या, आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. ज्या घरात दिवा आहे ते गावातलं घर. बाकीची ऑगस्टची. काही गावांत तुम्हाला गल्लीच्या गल्ली काळोखात दिसेल आणि पब 'इस्टरला उघडू' अशी पाटी लावून बसलेला असेल. तिथे घर घेऊन हिवाळा काढणं म्हणजे शिक्षा आहे. त्याच्या पलीकडे दोन मैल आत, समुद्र न दिसणाऱ्या साध्या गावात शाळा चालू, दुकान चालू, बुधवारी सभागृहात गाण्याची तालीम चालू. राहायला ते गाव घ्या. समुद्र कुठे पळून जात नाही.

व्यवहाराचं थोडं. गॅसची पाइपलाइन खेड्यांत नाही. घरामागे टाकी असते, तिच्यात केरोसीन भरून घ्यायचं. गावकरी मिळून एकदम मागणी नोंदवतात, मग टँकर जरा स्वस्तात येतो. गटार नाही, सेप्टिक टँक आहे. मोबाइलची रेंज घराच्या एका खोलीत असते, कधी कधी त्या खोलीच्या एका कोपऱ्यात. डिसेंबर २०२४ मध्ये डॅराग वादळ आलं तेव्हा इथे वाऱ्याचा लाल इशारा होता आणि आमच्या पट्ट्यात कित्येक घरं काही दिवस विजेविना होती. लाकूड जाळायची शेगडी ज्यांच्याकडे होती त्यांच्या घरी बाकीचे जाऊन बसले. ओळखी तेव्हा पक्क्या झाल्या.

विचारा काय विचारायचं ते.

देवगडचो_बापू

झक्कास. एक गोष्ट वाचून मात्र गंमत वाटली. आमच्या वाडीतही निम्मी घरं बंद. पण आमची बंद कारण माणसं मुंबईक गेली, आणि गणपतीला, शिमग्याला येतात. तुमची बंद कारण तिकडच्या मुंबईवाल्यांनी विकत घेतली. कुलूप तेच, किल्ली उलट्या खिशात.

खारा_वारा

बापू, खरं आहे, पण यांचीही माणसं गेलेली आहेतच. एकोणिसाव्या शतकापासून लंडनमधल्या दुधाच्या धंद्यात केरेडिग्यॉनचे लोक भरलेले होते. सुरुवातीला गाई शहरातच ठेवायचे, पहाटे दूध घालायचे, गल्लीत दुकान आणि वरती खोली. लंडनमध्ये त्यांची वेल्श चॅपेलं होती, लग्नं आपसात होत, आणि म्हातारपणी परत येऊन गावात घर बांधायचं. इथल्या लोकांना 'कार्डी' म्हणतात आणि कार्डी म्हणजे चिक्कू, असे विनोद अख्ख्या वेल्समध्ये चालतात. इथले लोक ते स्वतःच जास्त सांगतात.

किल्लीचं म्हणशील तर त्यावर कायदे आलेत. दुसऱ्या घरावर स्थानिक कौन्सिलला मूळ कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. उत्तरेच्या ग्विनेड्डने एप्रिल २०२३ पासून दीडशे टक्के लावला, म्हणजे बिल अडीचपट. लोकांनी त्यावरही वाटा काढल्या. घर 'भाड्याने देण्याचा व्यवसाय' म्हणून दाखवायचं. मग सरकारने अट घातली की वर्षात १८२ दिवस ते खरोखर भाड्याने गेलेलं पाहिजे.

पोपटी_छत्री

मी लीन द्वीपकल्पावर होते काही वर्षं, नवरा पशुवैद्य. अबरसोखचं सांगते. बंदर, नौका, महागड्या गाड्या, उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नाही. तिथली प्राथमिक शाळा डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. घरं आहेत, त्यांत राहणारी तरुण कुटुंबं नाहीत, कारण त्या किमती तिथल्या पगारात बसतच नाहीत.

त्याच द्वीपकल्पावरचं दुसरं उदाहरण म्हणजे लानएलहायार्न. हे नाव लिहिताना दर वेळी अडखळते, बोलताना तर विचारू नका. तिथेही १९७० च्या दशकात शाळा बंद करायचं घाटत होतं. गाव भांडलं, शाळा वाचवली, आणि १९७४ साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःची सहकारी संस्था उभी केली. ब्रिटनमधली अशा प्रकारची ती पहिली मानतात. पुढाकार होता तिथले डॉक्टर कार्ल क्लाउझ यांचा. जवळच समुद्रालगत नान्ट ग्वर्थेर्न नावाची दगडखाणीची वस्ती ओस पडली होती. खाण बंद पडल्यावर माणसं गेली आणि छपरं कोसळली. ती वस्ती त्यांनी १९७८ मध्ये ट्रस्ट करून विकत घेतली आणि तिथे वेल्श शिकवायचं निवासी केंद्र काढलं. मी तिथे शिकले. खाली उतरणारा रस्ता असा आहे की पहिल्या दिवशी वर्गापेक्षा तोच आठवतो. खाणकामगारांच्या चाळीसारख्या घरांत राहायचं, सकाळी वर्ग, दुपारी कॅफेत वेल्शमधूनच चहा मागायचा. चूक झाली तरी कुणी इंग्रजीत उत्तर देत नाही. शिकण्याच्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं.

तर्कटराव

एक शंका. ब्रिटनमध्ये राहून मुलांना वेल्श शाळेत घालायचं? सगळं जग इंग्रजीत चाललंय. आपण एवढे कष्ट करून परदेशी यायचं आणि मुलं पाच-सहा लाख लोकांच्या भाषेत शिकणार. भावनिक मुद्दे बाजूला ठेवून फायदा सांगा.

खारा_वारा

तर्कटराव, प्रश्न रास्त आहे. माझ्या मुलीच्या वेळी मलाही पडला होता.

इथल्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत सुरुवातीची वर्षं जवळपास पूर्ण वेल्श असते. इंग्रजी नंतर रीतसर येतं, आणि तसंही टीव्ही, मैदान, फोन सगळीकडून येतंच. अकराव्या वर्षी मूल दोन्हींत लिहितं. माझी घरात मराठी बोलते, म्हणजे तीन. तिचं इंग्रजी कच्चं राहील ही भीती पहिल्या वर्षाच्या शेवटी गेली. मी स्वतः वेल्श शिकायला लागले ते मात्र तिच्यामुळे, कारण शाळेच्या फाटकाशी आया जे बोलत होत्या त्यातलं मला काही कळत नव्हतं.

नोकरीचा फायदा हवा तर तोही आहे. कौन्सिल, शाळा, आरोग्यसेवा, सगळीकडे वेल्श येणाऱ्याला प्राधान्य किंवा निदान झुकतं माप. फार्मसीत आलेली म्हातारी घाबरली की वेल्शमध्ये बोलायला लागते. त्या वेळी काउंटरमागे कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं.

२०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये १७.८ टक्के लोकांना वेल्श येत होती, ग्विनेड्डमध्ये ६४, आमच्याकडे ४५. आमच्याकडे २००१ साली निम्म्याहून जास्त होती. म्हणजे आमच्यासारखी बाहेरून आलेली माणसं हेही त्या घसरणीचं एक कारण आहे. सरकारने २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे करायचं ठरवलंय. होईल का, मला शंका आहे. पण माझ्या घरातून त्यात भर पडली तर मला आवडेल.

तर्कटराव

उत्तर पटलं असं म्हणत नाही, पण उत्तर आहे. सक्ती ती सक्तीच.

पोपटी_छत्री

सक्ती उलट्या बाजूने केव्हाच झाली होती हो. एकोणिसाव्या शतकात इथल्या काही शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी तुकडा अडकवत. दुसरं कुणी बोललं की तुकडा त्याच्या गळ्यात, आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे असेल त्याला मार. वेल्श टीव्ही वाहिनीचं सांगू का? दिलेला शब्द सरकारने फिरवला म्हणून १९८० मध्ये ग्विनवोर एव्हन्स या नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. सरकार नमलं आणि १९८२ च्या नोव्हेंबरात वाहिनी सुरू झाली. उपोषण सुरू करायची वेळच आली नाही.

मुळशीकाठ

धागा वाचून राहवेना. दोन वर्षांपूर्वी आम्ही अ‍ॅबरिस्टविथहून दक्षिणेला येताना लानरिस्टिडजवळ रस्त्याकडेला एका पडक्या भिंतीवर लाल रंगावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं पाहिलं. लोक थांबून फोटो काढत होते. आम्हीही काढला. नंतर कळलं की 'ट्रवेरिन विसरू नका' असं लिहिलंय. ते काय प्रकरण आहे, कुणी सांगेल?

खारा_वारा

ट्रवेरिन ही उत्तरेकडची दरी, किनाऱ्यापासून आत, बाला गावाजवळ. तिथे कापेल केलिन नावाचं वेल्शभाषक खेडं होतं. लिव्हरपूलला पाणी हवं होतं. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेत थेट कायदा करून घेतला, म्हणजे इथल्या स्थानिक परवानग्यांचा प्रश्नच आला नाही. वेल्सचे जवळपास सगळे खासदार विरोधात होते, उपयोग शून्य. १९६५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. शाळा, चॅपेल, पोस्ट, शेतं, सगळं पाण्याखाली. चॅपेलच्या आवारातल्या काही थडग्यांतले अवशेष नातेवाइकांनी हलवले, बाकीच्यांवर काँक्रीट. लिव्हरपूलच्या कौन्सिलने माफी मागितली ती २००५ साली.

भिंतीवर ते लेखक माइक स्टीव्हन्स यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रंगवलं. २०१९ मध्ये कुणीतरी भिंतीची नासधूस केली, लोकांनी लगेच दगड परत रचले, आणि त्यानंतर वेल्सभर गोठ्यांवर, पुलांवर, गाड्यांच्या काचांवर तेच दोन वेल्श शब्द उगवले. भिंत नसती पाडली तर इतक्या प्रती झाल्या नसत्या.

मुळशीकाठ

आमच्या पणजोबांची जमीन टाटांच्या धरणात गेली. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट वगैरे पुस्तकात वाचलेला. घरात मात्र त्यावर कुणी फार बोलत नसे. आमच्याकडे अशी एखादी भिंत का नाही, हा विचार आला. असो, अवांतर झालं.

घुबड_पुणे

अवांतर नाही, चालू द्या. पण कुणीतरी आमच्यासारख्यांच्या उपयोगाचंही लिहा. आई-बाबा जूनमध्ये येतायत, दोघंही सत्तरीच्या पुढे, शाकाहारी. बाबांचे गुडघे बरे नाहीत. मला अरुंद रस्त्यांवर गाडी चालवायची धास्ती आहे. चार दिवस आहेत.

खारा_वारा

चार दिवसांत टोकापासून टोकापर्यंत धावू नका. कार्डिगन गावात मुक्काम करा. टायवी नदीकाठी छोटं, हाताशी सगळं असलेलं गाव आहे. तिथल्या किल्ल्यात ११७६ साली लॉर्ड रीसने कवी-गायकांची स्पर्धा भरवली होती. आजच्या आइस्टेडफॉड महोत्सवाची परंपरा लोक तिथूनच मोजतात. किल्ला दुरुस्त करून २०१५ मध्ये उघडलाय, बाबांना बसायला बाग आहे.

दुसऱ्या दिवशी नदीने आत केनार्थला. धबधब्याशी पूल आणि कोरॅकल. कोरॅकल म्हणजे एका माणसाची टोपलीवजा होडी. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वरून डांबर लावलेलं कापड. काम झालं की नावाडी ती पाठीवर टाकून घरी जातो. टायवीवर अजूनही थोडे परवानाधारक रात्री दोन होड्यांमध्ये जाळं धरून मासे पकडतात. दर वर्षी संख्या घटतेय.

तिसऱ्या दिवशी पेन्त्रे ईव्हान. साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी कबर. सोळा टनांहून जड शिळा तीन दगडांच्या टोकांवर नुसती टेकलेली. गाडीपासून थोडंच चालायचंय, फाटकं आहेत. मागे प्रेसेलीच्या टेकड्या. स्टोनहेंजचे निळे दगड इथूनच गेले, दोनशे किलोमीटरहून लांब. आईंना सांगा, कशासाठी नेले ते अजून कुणाला नक्की ठाऊक नाही, मग त्या स्वतःचं काहीतरी कारण शोधतील. माझ्या सासूबाईंनी शोधलं होतं.

खाणं : कॅफेत वेल्श केक मिळतात, तव्यावर भाजलेले, मनुके घातलेले. पण आधी विचारा, कारण पारंपरिक पाकात चरबी असू शकते. कावल नावाचं सूप घरोघरी असतं पण त्यात बहुधा मटण. लीक आणि चीजचे ग्लॅमॉर्गन सॉसेज हे नाव ऐकून दचकू नका, त्यात मांस नसतं. एकंदरीत पब आता शाकाहारी पदार्थ ठेवतात, पण खेड्यातलं स्वयंपाकघर साडेआठला बंद होतं. आपल्या लोकांची साडेनऊची जेवणाची वेळ इथे चालत नाही.

नागपुरी_संत्रं

अन् गाडीचं काय बावा? तेच तर विचारलं होतं.

खारा_वारा

हो, राहिलं. मुख्य रस्ता चांगला आहे. गावात ताशी वीस मैल. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या रस्त्यांना हीच मर्यादा, विरोधात चार लाखांवर सह्या झाल्या, काही रस्ते परत तीसवर गेले. पाट्या बघा.

समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्या हा वेगळा प्रकार. एका गाडीपुरती रुंदी, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच मातीचे बांध आणि त्यावर झुडपं. मागे घेता येत नसेल तर या गल्ल्यांत शिरू नका. समोरून ट्रॅक्टर आला तर तो मागे जाणार नाही, आणि त्याने जाऊही नये. पुढच्याने वाट दिली की हात वर करायचा. न करणाऱ्याची गाडी गावात लक्षात ठेवतात.

नाहीतर बस. अ‍ॅबरिस्टविथ ते हॅवरफोर्डवेस्ट जाणारी टी-५ अबरायरॉन, न्यू की, कार्डिगन, फिशगार्ड अशी सगळी जोडते. वरच्या मजल्याची बस आली तर बांधांवरून समुद्र दिसतो, जो गाडीतून दिसत नाही.

दगडफोड्या

भूशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने दोन ठिकाणं राहिलीत ती जोडतो, दोन्ही अ‍ॅबरिस्टविथच्या वर.

बोर्थ : लांबलचक सपाट किनारा. मोठ्या ओहोटीला वाळूतून झाडांचे बुंधे वर येतात. ओक, पाइन, बर्च. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचं जंगल, समुद्र वर चढला तसं दलदलीत गाडलं गेलेलं. हात लावला तर लाकूड स्पंजासारखं. २०१४ च्या वादळांनी बरीच वाळू ओढून नेली आणि आणखी झाडं उघडी पडली. याच समुद्राखाली सुपीक राज्य होतं, बांधाच्या दारांचा रखवालदार सायथेनिन दारू पिऊन झोपला आणि एका रात्रीत सगळं बुडालं, अशी इथली दंतकथा आहे. बुंधे समोर दिसत असल्यावर कथा सुचायला किती वेळ लागणार!

फेअरबोर्न : मॉद्दाख नदीच्या मुखाशी, समुद्रसपाटीलगत वसवलेलं गाव, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं. समुद्रभिंतीमागे राहतं. किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यात असं आलं की २०५४ नंतर भिंतीवर खर्च करत राहणं शक्य नाही, लोकांना हलवावं लागेल. बातमी फुटली आणि घरांच्या किमती कोसळल्या. लोक म्हणतात, समुद्र येईल तेव्हा येईल, तुमच्या कागदाने आम्हाला आधीच बुडवलं. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. समुद्र वाढतोय हे मोजमाप आहे. पण तारीख जाहीर करून नुकसानभरपाईचा आकडा जाहीर न करणं हे शास्त्र नव्हे.

सांगली_ते_स्वॉन्झी

चांगला धागा. नाजूक प्रश्न विचारते. आपल्या रंगाच्या माणसांना खेड्यात कसं वागवतात? स्वॉन्झीत काही त्रास नाही, पण तिथे आपण बरेच आहोत.

पोपटी_छत्री

माझा अनुभव : बघतात. दुकानात गेलं की संभाषण अर्ध्यावर थांबतं आणि मग हवामानावर सुरू होतं. त्यात वैर नसतं, नवीन माणूस आला एवढंच. मुलाला शाळेत एकदा वाईट बोललं गेलं, बाईंनी त्याच दिवशी दोन्ही घरांना बोलावून मिटवलं. उन्हाळ्यात बाहेरून आलेल्या टोळक्याने रस्त्यात ओरडण्याचा प्रकारही झालाय. म्हणजे गुलाबी चित्र नाही, पण रोजची भीतीही नाही.

गंमत म्हणजे 'तुम्ही खासी टेकड्यांतून आलात का?' असं मला चॅपेलमधल्या एका आजींनी विचारलं होतं. वेल्श मिशनरी १८४१ मध्ये चेरापुंजीला पोचले आणि पुढे शंभरहून अधिक वर्षं तिकडे होते. खासी भाषा रोमन लिपीत लिहायची घडी त्यांनीच बसवली. त्यामुळे जुन्या चॅपेलवाल्यांच्या डोक्यातला भारत मेघालयापासून सुरू होतो. महाराष्ट्र कुठे आहे हे दाखवायला मी नकाशा काढला, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे खूपच कोरड्या भागात."

देवगडचो_बापू

कोरड्या! कोकणात जुलैत आणा त्यांका.

सांगली_ते_स्वॉन्झी

आणि सणवार? एकटं पडायला होत नाही का?

खारा_वारा

गणपती घरीच. आरतीला शेजारचे येतात, मोदकाला आधी संशयाने बघतात, मग डबा मागतात. पोळ्यांचं पीठ, कढीपत्ता, हिंग हे कार्डिफला गेलं की भरून आणायचं.

पण त्यांचे सण असतील तिथे जा, असं मी प्रत्येक नवीन बाईला सांगते. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी कार्डिगनला बार्ली सॅटर्डे असतो. पेरण्या उरकल्याच्या आनंदात हमरस्त्यावरून घोड्यांची मिरवणूक. भले दांडगे वेल्श कॉब घोडे दुकानांच्या काचांना घासून धावत जातात, मागून जुनी ट्रॅक्टरं. शेतकऱ्यांची अख्खी पंचक्रोशी आलेली असते, आणि तुम्ही कोणत्या गावात राहता ते सांगितलं की ओळख निघतेच.

फिशगार्डजवळच्या ग्वाइन दरीत नवीन वर्ष १३ जानेवारीला करतात. १७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदललं आणि अकरा दिवस गाळले, ते या दरीने मनावर घेतलं नाही. त्या दिवशी मुलं घरोघर जाऊन गाणी म्हणतात, त्यांना पैसे आणि खाऊ मिळतो. त्यांच्या शाळेला सुट्टी असते.

आणि गाण्याच्या तालमीला बसा. आवाज नसला तरी चालतं, खुर्च्या मांडायला माणसं लागतातच.

नागपुरी_संत्रं

लान्ग्रानोगच्या बाजूच्या किनाऱ्यावर चालत जाता येते म्हणे खडकाला वळसा घालून? रीलमध्ये पाहिलं. पोरं मागे लागली आहेत.

खारा_वारा

येतं, फक्त ओहोटीला. त्या पलीकडच्या किनाऱ्याचं नाव किलबोर्थ. पाणी चढायला लागलं की ती वाट आधी बंद होते आणि ते तुम्हाला वाळूवर बसून कळत नाही. ओहोटीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा, तिच्या तासभर आधी जा आणि पाणी वळलं की लगेच परत फिरा. वरून पायऱ्या आहेत पण घसरड्या, त्यांच्या भरवशावर राहू नका. अडकलात तर खडक चढू नका, ९९९ लावून 'कोस्टगार्ड' सांगा. जीवरक्षक नौकेवर येणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, कुणी सुतार, कुणी हॉटेलवाला, हातातलं काम टाकून येतात. रेंज नाही मिळाली तर? म्हणूनच आदल्या रात्री वेळापत्रक बघायचं.

आणि कुत्रा आणणार असाल तर मे ते सप्टेंबर त्या मुख्य किनाऱ्याच्या काही भागात बंदी असते, पाटी वाचा. शेतातून जाताना साखळी सोडू नका, कोकरांचे दिवस आहेत.

नागपुरी_संत्रं

कुत्रा नाही. सासरे आहेत. त्यांना साखळी चालेल का विचारून सांगतो.